भूत नसलेला खेळ

निजामाच्या अमलातली, चव्वेचाळीस सालची गोष्ट. तुळजापुरात आमचा तंबूचा सिनेमा होता. मालक गुंडप्पा, मशीनवर मी म्हंजे उत्तरेश्वर, आणि बायकांच्या दारावर तिकिटं घ्यायला हुसेनबी खाला. तंबूत मधोमध कनात. इकडं गडी, तिकडं बाया. कनातीपलीकडं बाई जरा मोठ्यानं बोलली तरी इकडचे गडी खाकरायचे.

त्या हप्त्यात एक खेळ आला. त्यातल्या बाईला रोज वर माळवदावर, घराच्या धाब्यावर, पावलं वाजलेली ऐकू येतात. घरचे म्हणतात, भूत. शेवटी कळतं, वर कुणीच न्हाय, लहानपणी घेतलेली दहशत तिच्या मनातच चालतीय. पण मी फिल्मचा डबा उघडायच्या आधीच बैलगाडीतून बोंबललो होतो, "भूत बघा, भूत!" आमची रीतच ती. मग काय, भूत निघालं न्हाय म्हणून लोकांनी पडद्यावर चपला फेकल्या. गाणी न्हाईत, मारामारी न्हाय, नुसती येडी बाई! मलाबी तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

गुंडप्पा म्हणाला, "परवाच्या मोटारीनं डबे सोलापूरला धाडा."

हुसेनबी तडकली. "का धाडा? शेवटपर्यंत बघितला का तुमी? चपला शोधत होता सगळे!"

"खाला, तुमाला काय पडलंय?" गुंडप्पानं विचारलं.

"माझ्या जमिलाला ऐकू येतंय तसंच," ती म्हणाली. लेक सासरहून परत आली होती, पण कारण आज कळलं. "उद्या जावई येतोय ईट गावाहून. मांत्रिकाकडं बांधून ठेवायला नेणार हाय. त्यानं हा खेळ बघितल्याबिगर पोरगी देणार न्हाय म्या."

"दवंडी कोण देणार? लोक मला दगडं मारतील," मी म्हणालो.

"म्या देते!"

दुसऱ्या दिवशी बुरख्यातली हुसेनबी बैलगाडीवर उभी राहिली. गावानं असलं कधी बघितलं नव्हतं. "भूत न्हाय! भूत पाहिजे त्यानं घरी बसा! हिंमत आसंल त्यानं या!" गुंडप्पानं तर कपाळाला हात लावला.

दिवेलागणीला चाळीसेक माणसं आली. जावई महेबूब पिशवी मांडीवर घेऊन पुढंच बसला. पडद्यावरची बाई माळवदाकडं बघत थरथरायला लागली, तशी कनातीपलीकडून जमिला मोठ्यानं बोलली, "अम्मा, इसकू बी आवाजां आते!"

गडी फिदीफिदी हसले. एक जण ओरडला, "पलीकडंबी येडी हाय रे!"

महेबूब उठला. म्हटलं, आता कनात फाडून पोरीला ओढतोय. पण त्यानं हसणाऱ्याची गचांडी धरली. "चूप! माझी बायको हाय ती." मग कनातीला लागून खाली बसला आणि म्हणाला, "जमिला, मैं इधरीच हूं. पूरा देखेंगे."

खेळ संपेस्तोवर तंबूत कुणी हसलं न्हाय.

सकाळी महेबूबनं ती पिशवी सासूच्या हवाली केली आणि जमिला मोकळ्या हातांनी नवऱ्यासंगं ईटला गेली. आवाज काही लगेच थांबले न्हाईत, पण तिला कुणी बांधलं न्हाय. डबे परत गेले, खेळ सगळीकडं आपटला म्हणतेत. आपटू द्या! पुढं कुणी त्याला टुकार म्हटलं, की हुसेनबी तिकिटांच्या पेटीतून महेबूबच्या पिशवीतली साखळी काढायची आणि म्हणणाऱ्याच्या हातात द्यायची. "घ्या. कुणाला बांधता, सांगा."