जित्या माणसाले भुईवर घेतलं

माणूस मेला की रडावं, हे मलेही समजते. पण मरायच्या आधीच त्याले मेलेला धरून मोकळं व्हायची आमच्या घरच्यांना घाई होती. ते मी अजून माफ केलं नाही, करणारही नाही.

माहा नवरा बालाघाटजवळ मँगनीजच्या खाणीत कामाले होता. एक दिवस खोकता खोकता छाती धरून बसला, श्वासच पुरेना. दवाखान्यात डॉक्टर म्हणे, फुप्फुसाले भोक पडलं, हवा छातीत कोंडली अन् फुप्फुस चिपाडावाणी बसलं. त्यानं बरगड्यांच्या मधून रबराची बारीक नळी आत घातली अन् तिचं दुसरं टोक खाटेखाली ठेवलेल्या बाटलीत, पाण्यात बुडवलं. नवऱ्यानं श्वास सोडला की पाण्यात बुडबुडे निघत.

डॉक्टर हिंदीवाला. मले समोर उभं करून म्हणे, "बोतल हमेशा नीचे रहेगी. ऊपर उठाई, तो पानी छाती में चला जाएगा. और बुलबुले बंद हो जाएँ तो घबराना मत, समझना फेफड़ा खुल गया."

मी हौ म्हटलं. सासूलेही तेच आपल्या बोलीत समजावून सांगितलं. तिनं ऐकलं अन् आपलाच अर्थ काढला. बुडबुडा म्हणजे पोराचा जीव! दिवसभर खाटेशी उकिडवी बसून ती बाटलीकडे पाहत राहे.

एका दुपारी बुडबुडे थांबले. नवऱ्याले कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली होती. मी नळावर त्याचे कपडे धुवाले गेलती. येऊन पाहतो तर काय! गावाहून आलेल्या चुलत सासऱ्यानं त्याले उचलून फरशीवर घेतलं होतं. आमच्याकडे माणसानं खाटेवर मरू नये म्हणतात, जीव चालला असं दिसलं की भुईवर घेतात. अन् पाय लागू नये म्हणून त्या दीडशहाण्यानं बाटली खाटेवर ठेवली होती. वर! बाटलीतलं पाणी भराभर कमी होऊन राह्यलं होतं. नवरा ठसकून हातपाय झाडत होता, अन् हा बुढा म्हणे, "चालला जीव. गंगाजल टाका तोंडात."

"जिता हाय तो! बाटली खाली ठेवा!" मी ओरडली. धावली तर बुढ्यासंगं आलेल्या गावच्या बायांनी मले दोन्हीकडून धरलं.

"भ्रमली वो बिचारी," एक म्हणे.

सासूनं माहे हात फरशीवर आपटून बांगड्या फोडल्या. वैरीण नव्हती, त्याची सख्खी आई होती. पण अक्कल कुठं गहाण टाकली होती देव जाणे!

गोंधळ ऐकून नर्स आली. तिनं आधी नळी चिमटली, मंग बाटली खाली ठेवली अन् बुढ्याले बाजूले ढकललं. नवऱ्यानं डोळे उघडले. त्याले पहिले माहे हात दिसले, रक्त निघून राह्यलेले.

"मी मेलो काय वो?" त्यानं विचारलं.

"नाही जी."

"मंग बांगड्या भरून ये ना."

मी निघालीही होती. सासूनं दारात वाट अडवली. "फुटल्या त्या फुटल्या. पुन्हा भरशील तर पोराले भोवन." वा रे न्याय! पोरगा उशीले टेकून बसलेला, अन् मी त्याच्यासमोर भुंड्या हातानं. भेटाले येणारे आधी माह्या मनगटाकडे पाहत, मंग त्याच्याकडे, अन् मान खाली घालत. तो सारं पाहे अन् भिंतीकडे तोंड करे.

मंग ताप चढला. छातीत गेलेल्या पाण्यानं पू झाला, अन् पू काही त्या बारीक नळीतून निघेना. डॉक्टरनं जाड नळी घातली, सुया टोचल्या. काही उपयोग झाला नाही. तो माह्या मांडीवर डोकं ठेवून गेला. मी ओरडली नाही. ओरडून काय होते, ते एकदा पाहिलं होतं.

तेरवीले बाया जमल्या. कोणीतरी सासूले विचारलं, "एवढा धडधाकट पोरगा, गेला कसा वो?"

सासूनं माह्याकडे बोट केलं.

"नवरा जिता असताना हे त्याच्यासमोर भुंड्या हातानं बसली होती. मंग कसा वाचन तो?"