बिल नसलेली बॅग

सुनेच्या बाळंतपणासाठी मी एकटीच परदेशी निघाले होते. रिसोडला स्टँडजवळ विमानाची तिकिटं काढून देणारा एक जण आहे. त्याच्याकडे मी आणि हे गेलो. तिकीट झालं, दवाखान्याचा विमा झाला. मग तो म्हणाला, "काकू, सामानाचाबी काढून टाकू का? थोडेच जास्त लागतात. बॅग हरवली तर कंपनी भरून देते."

"कायले?" हे लगेच म्हणाले. "सोयाबीनचा काढला होता, काय भेटलं आपल्याले?"

माझ्या दोन बॅगा होत्या. एकीत माझे कपडे, दुसरी बाळाची. तिच्यात डिंकाचे लाडू, अळीव, झबली आणि एक गोधडी. आई गेल्यावर भावजयीने तिची लुगडी पोतेऱ्यासाठी काढली होती, त्यातली दोन मी मागून आणली. पावसाळाभर दुपारी बसून टाके घातले. मशीनवर शिवून घे, असं हे कितीदा म्हणाले, पण मी ऐकलं नाही.

मला ठरवता येईना, म्हणून तिथूनच मुलाला फोन लावला. स्पीकर चालू होता.

"आई, त्या बॅगेत आहे तरी काय?" तो म्हणाला. "कशाला पैसे घालवतेस? हरवली तर हरवली. इथं सगळं मिळतं."

आधी तो माझ्याशी असं पुस्तकी बोलत नसे. एजंट कॉम्प्युटरकडे बघत राहिला. मी फोन ठेवला आणि म्हटलं, "काढा विमा." त्यात विचार काही नव्हता, नुसता राग होता.

बाळाची बॅग विमान बदलताना हरवली. मुलाने विमानतळावर तक्रार नोंदवली, नंतर दोन-तीनदा फोनही केले. शेवटी सापडत नाही असं कळवून विमानवाले मोकळे झाले. मग तो विम्याची माहिती भरायला लॅपटॉप घेऊन बसला. प्रत्येक वस्तू कधी घेतली, केवढ्याला घेतली आणि तिचं बिल, एवढं सगळं हवं होतं.

"गोधडीचे किती लिहू?"

"मले काय मालूम?"

"जुन्या कापडाची होती ना?"

"तुह्या आजीच्या लुगड्याची होती."

"तसं लिहून चालत नाही, आई." त्याने 'जुनं पांघरूण' लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेला.

बिल नाही म्हणून झबली आणि गोधडी नामंजूर झाली. खाण्याचे जिन्नस विम्यात बसत नव्हते. बॅग वाशिमच्या दुकानातून घेतली होती आणि तिची पावती यांनी जपून ठेवली होती, म्हणून रिकाम्या बॅगेचे तेवढे पैसे मिळाले.

"मी म्हटलं होतं ना?" मुलगा म्हणाला. मग माझं तोंड पाहून, समजूत काढावी तसं, "अगं, ती गोधडी इथल्या वॉशिंग मशीनमध्ये टिकलीच नसती. आणि ब्लँकेट तर आम्ही आधीच घेऊन ठेवलंय."

नात त्या ब्लँकेटमध्येच घरी आली. मी तिला न्हाऊमाखू घातलं, सुनेचं पथ्यपाणी केलं, व्हिसाची मुदत संपेपर्यंत राहिले. मुलाने मला कशाची कमी पडू दिली नाही. रोज जेवताना तो हवामानाबद्दल बोलायचा, मी हो म्हणायचे.

गावी परतल्यावर काही महिन्यांनी शेजारची बाई आली. तिची लेक तिकडेच असते, तिलाही बाळंतपणाला जायचं होतं.

"काकू, तुमी जाऊन आल्या म्हून इचारते. सामानाचा विमा काढू का?"

"दुकानातलं नेणार असशील तर काढ," मी म्हटलं. "बिलं सांभाळून ठेव. घरचं काही करून नेऊ नको."

"मी तर टोपडी विणायले घेतली ना," ती म्हणाली.

मी चहा ठेवायला आत गेले.