वालिदांची एकनळी

मस्कतपासून दोनेक तासांवरच्या इब्रा गावाबाहेर वालिदांचं शेत आहे. खजुराची झाडं, गुरांसाठी थोडा चारा आणि ज्वारीचा एक पट्टा. वालिद म्हणजे माझ्या अर्बाबचे, मालकाचे, वडील. शब्दाचा अर्थही वडील असाच, आणि वर्कशॉपमध्ये आम्ही सगळेच त्यांना तसं म्हणतो. मी त्यांच्या मुलाकडे पंप फिटर आहे. अठरा वर्षं झाली. शुक्रवारी सकाळी पंप बघायला म्हणून मी शेतावर जायचो. पंपाला काहीही झालेलं नसायचं. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं.

खरं कारण त्यांची एकनळी बंदूक. ती पहिल्यांदा पंपाच्या खोलीत दिसली तेव्हा मला माझे वडीलच भेटल्यासारखं झालं. आमच्या सिंधुदुर्गातल्या घरी अगदी अशीच होती, पीक राखायच्या परवान्यावर. माकडं आणि डुकरं हाकलायला ती घेतलेली, पण कधीमधी घरात ससा शिजायचा आणि त्याबद्दल बाहेर बोलायचं नसायचं. वडील मला म्हणायचे, "एकच बार आसा. आधी बघ, मगे घोडो ओढ."

लहान शिकारीला एकनळीसारखी दुसरी बंदूक नाही, असं मला आजही वाटतं. हलकी असते, सकाळभर खांद्यावर वागवली तरी जड होत नाही. मधोमध मोडायची, एक काडतूस घालायचं, मिटायची. साफ करायला एक काठी आणि तेलाचा फडका पुरतो. बिघडायला तिच्यात फारसं काही नसतंच. पण तिची खरी किंमत वेगळी आहे. दुनळीवाला पहिला बार थोडा बेफिकिरीने काढतो, कारण दुसरा तयार असतो. एकनळीवाला थांबतो. पाखरू टप्प्यात येईपर्यंत थांबतो, आणि पुष्कळदा बार न काढताच घरी येतो.

वालिदही तसेच. ज्वारीवर कवडे उतरले की ते भिंतीपाशी बसायचे, ऐकू येईल असं "बिस्मिल्ला" म्हणायचे आणि मग चाप ओढायचे. अल्लाचं नाव घेऊन मारलेलं पाखरू त्यांना चालतं, ते पडता पडता मेलं तरी. मी हे सगळं त्यांच्याकडूनच शिकलो. त्यांना मुलांपैकी कोणी ऐकायला नव्हतं. बाकीची मुलं मस्कतला, आणि अर्बाबला बंदुकीचा आवाज आवडत नाही. मी मात्र ऐकायचो. ते मला मुहंदिस म्हणायचे, म्हणजे इंजिनियर. मी दहावीनंतर आयटीआय केलेला माणूस, पण मी ते कधी दुरुस्त केलं नाही.

एका शुक्रवारी त्यांनी बंदूक माझ्या हातात दिली. "आज तू."

इथे शिकारीचे नियम कडक आहेत. परवाना वालिदांचा, आणि तोही पीक खाणाऱ्या पाखरांपुरता. माझ्यासारख्या परदेशी माणसाच्या हातात ती असायलाच नको होती. हे मला कळत होतं, तरी मी घेतली.

"एक गोष्ट," ते म्हणाले. "तू मुसलमान नाहीस, तू मारलेलं मला चालत नाही. जिवंत पडलं तर धावत माझ्याकडे आण, मी सुरी फिरवीन. मेलं तर ते तुझं. बायकोला सांग मसाला वाटायला."

मी बार काढला. एक कवडा फलजच्या, म्हणजे शेतातल्या पाण्याच्या पाटाच्या, पलीकडे पडला. मी धावलो. हातात घेतला तेव्हा तो धडधडत होता. पाट ओलांडताना त्याची मान माझ्या बोटांवरून खाली पडली. मी दोन क्षण उभा राहिलो. मग पुढे गेलो.

"जिवंत?" वालिदांनी विचारलं. त्यांना जवळचं नीट दिसत नाही.

"जिवंत," मी म्हणालो.

त्यांनी सुरी फिरवली. रक्त अजून गरम होतं, त्यांना शंका आली नाही. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाबास मुहंदिस! एक काडतूस, एक कवडा." दुपारी त्यांनी तो खाल्ला.

मेलेला कवडा माझाच होता. मी घरी नेऊन खाल्ला असता तर कोणाचंच काही बिघडलं नसतं. मला फक्त ती थाप हवी होती. तेवढ्यासाठी मी एका म्हाताऱ्या, पाच वेळा नमाज पढणाऱ्या माणसाला त्याच्या धर्माने नको ते खायला घातलं.

त्यानंतर मी शुक्रवारी जाईनासा झालो. एकदा पाठ दुखते म्हणालो, एकदा गाडी बंद. इब्रातल्या आमच्या घरी बायकोने मला धरलं तेव्हा सांगितलं.

"कवड्यासाठी खोटं बोललात?" ती म्हणाली. "माझ्याशी आठवड्याला चार वेळा खोटं बोलता, तेव्हा नाही कधी पाठ दुखली."

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा कुठे? जाऊन सांगा. असे पंख्याकडे बघत पडू नका, मला स्वयंपाक सुचत नाही."

माझ्याच्याने जाववलं नाही. त्यांनी मला पुन्हा कधी दारात उभं केलं नाही तर, ही भीती नोकरी जायच्या भीतीपेक्षा मोठी होती. या देशात मला मनापासून भेटलेला तो एकच माणूस होता.

मग वालिदच वर्कशॉपमध्ये आले. ते हजला निघाले होते. निघण्याआधी ओळखीच्या प्रत्येकाची माफी मागायची, अशी इथली रीत आहे. ते एकेकाचा हात धरून म्हणत होते, "माझं काही चुकलं असेल तर सामिहनी. माफ कर."

वेल्डर म्हणाला, "वालिद, तुम्ही दोनदा माझा चहा प्यायलात."

"तो फार वाईट होता. त्याबद्दल मीच तुला माफ करतो."

सगळे हसले. मग त्यांनी माझा हात धरला. "मुहंदिस, तू तर माझे किती शुक्रवार सहन केलेस. सामिहनी."

मला "माफ केलं" म्हणता येईना. "वालिद, जरा बाहेर या," म्हणालो, आणि पिकअपपाशी उभं राहून सगळं सांगितलं.

त्यांचा हात माझ्या हातातून सुटला.

"मेला होता?"

"फलज ओलांडताना मेला."

"आणि मी विचारलं."

"विचारलंत."

"का केलंस?"

"तुम्ही शाबास म्हणावं म्हणून."

त्यांनी हातातली काठी पिकअपला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "मी त्या दिवशी शाबास म्हटलं होतं?"

"म्हटलं होतं."

"ती शाबासकी परत दे."

मला हसू की रडू कळेना. "दिली," मी म्हणालो.

"खलास, संपलं." त्यांनी पुन्हा माझा हात घेतला. "मी नकळत खाल्लं, त्याचं ओझं माझ्यावर नाही. तुझं तू तुझ्या देवाशी बघ. पण हे तू मी जाण्याआधी सांगितलंस. मी ते मनात न ठेवता जाईन. आता तुझ्याकडून मला माफी आहे का नाही? अजून दोन वर्कशॉप राहिली आहेत."

"आहे," मी म्हणालो.

ते परत आले त्याच आठवड्यात फोन आला. "पंप बिघडलाय. यल्ला, चल ये."

बंदुकीला मी आता हात लावत नाही. त्यांची नजर मात्र आणखी मंदावली आहे. ज्वारीवर काहीतरी उतरलं एवढं त्यांना कळतं, ते कवडे आहेत की दुसरं काही, हे ओळखू येत नाही. म्हणून मी शेजारी बसून सांगतो आणि ते माझ्या सांगण्यावर बार काढतात. खोटं बोललेल्या माणसाच्या शब्दावर. याचं ऋण मला कसं मांडावं ते कळत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

गेल्या शुक्रवारी पाच-सहा कवडे उतरले. वालिदांनी घोडा मागे ओढला, नाव घेतलं. तेवढ्यात ज्वारीच्या मागे चारा कापणारा कामगार वाकलेला मला दिसला.

"थांबा," मी म्हणालो.

त्यांनी लगेच घोडा हळूच उतरवला आणि नळी खाली केली. का, ते विचारलं नाही. कवडे उडून गेले. वालिद समोर धूसर शेताकडे बघत म्हणाले, "तू सांग. मी बसलोय."