दारावरचा रणधीर

उमरग्याच्या बाहेर, हैदराबादकडं जाणाऱ्या हायवेला लागून एक बार आहे. नाव मूनलाईट, पण पोरं नुसतं 'मून' म्हणतात. पुढं परमिट रूम आणि मागं पत्र्याचा लांबडा हॉल. हा हॉल आधी लग्नाच्या पंगतींसाठी भाड्यानं जायचा. मालक बसप्पाअण्णांनी त्याच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकले, वर फिरते लाल-निळे दिवे लावले, एका कोपऱ्यात डीजे बसवला आणि शनिवारी विद्यार्थ्यांना बिअर स्वस्त केली. फार्मसी, आयटीआय, नर्सिंग, सगळीकडची पोरं यायला लागली. पुण्यातले क्लब त्यांनी मोबाईलवर पाहिलेले असायचे. इथं आत गेलं की घामाचा आणि तळलेल्या शेंगदाण्याचा वास येई, पण पोरं नाचत.

त्या हॉलच्या दारावर रणधीर उभा असे.

रणधीर मुरूमकडच्या एका वाडीचा. उंची सहा फुटाला थोडी कमी, छाती भरलेली. विसाव्या वर्षापासून त्यानं पोलीस भरतीशिवाय दुसरा विचार केला नव्हता. पहाटे चारला उठून डांबरी सडकेवर पळायचा, दुपारी लेखीचा अभ्यास. चार वेळा भरती दिली. एकदा गोळाफेकीत हात दुखावला, एकदा लेखी अवघड गेली. तिसऱ्या वेळी यादी लागली तेव्हा तो एका मार्कानं खाली होता. चौथ्या वेळेपर्यंत मन उडालं होतं, आणि मग वयच निघून गेलं. आई धुरपदाबाई म्हणाली, "जाऊ दे, दुसरं कायतरी बघ." त्यानं दुसरं बघितलं, ते हे.

बसप्पाअण्णांनी त्याला काळा शर्ट दिला आणि सांगितलं, "आधार कार्ड बघायचं, भांडण झालं तर बाहेर काढायचं. बाकी तोंड उघडायचं न्हाय."

रणधीरनं काम मनापासून केलं. मोठ्या भावाचं आधार कार्ड दाखवणारं पोरगं तो चेहऱ्यावरून ओळखायचा. शिवाय त्यानं स्वतःच्या मनानं एक नियम काढला होता. गाडीवर आलेल्यानं चावी दाराशी ठेवलेल्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकायची. जाताना पाय नीट पडत असतील तर चावी परत. नसतील तर बाहेर उभ्या असणाऱ्या शंभूच्या रिक्षात बसायचं आणि सकाळी येऊन गाडी न्यायची. अण्णा कुरकुरले, "गिऱ्हाईक तुटंल की रे." पण तुटलं नाही. उलट एकदोन पोरींच्या घरच्यांनी विचारलं तेव्हा त्यांना हा नियम ऐकून बरं वाटलं होतं.

कृष्णराज हा फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा. गाव परंडा. वडील महारुद्र यांची तिथं पिठाची गिरणी. पोरगं बोलकं, पिणं बेताचं. मित्र आत नाचत असले की हा बाहेर येऊन रणधीरजवळ उभा राहायचा. "दादा, तुम्ही कधी बसता तरी का?" असं विचारायचा. एका शनिवारी पाऊस होता, गर्दी नव्हती, तेव्हा रणधीरनं त्याला त्या एका मार्काची गोष्ट सांगितली. यादीपुढं आपण कसे उभे राहिलो, आपलं नाव दोनदा-तीनदा कसं शोधलं, घरी जायच्या आधी बसस्टँडवर तीन तास कसे बसलो. हे त्यानं आईलासुद्धा एवढं सांगितलं नव्हतं. पोरगं ऐकत राहिलं. शेवटी म्हणालं, "लई वाईट झालं, दादा."

पुढची गोष्ट फेब्रुवारीतली. कुणा मित्राचा वाढदिवस होता, पाच जण आले. कृष्णराज त्या दिवशी रोजच्यासारखा नव्हता. दोन विषय गेले होते आणि ते घरी कळवायचं होतं, असं नंतर समजलं. त्या रात्री तो नेहमीपेक्षा बराच जास्त प्याला. साडेनऊला आत कुणाला तरी धक्का लागला, कॉलर धरली गेली. रणधीरनं आत जाऊन दोघांना वेगळं केलं आणि कृष्णराजला दंडाला धरून बाहेर आणलं. मागोमाग मित्र आले, बघणारे आले.

"चावी दे," कृष्णराज म्हणाला.

"शंभूची रिक्षा उभी हाय. तिच्यात बस."

"चावी दे म्हणलं ना!"

"सकाळी ये. गाडी कुठं जात न्हाय."

कृष्णराज हसला आणि मागं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "एका मार्कानं उडालेला फौजदार हाय बरं का ह्यो. यादीत नाव न्हाय आलं, म्हणून हितं दारूच्या दारात फौजदारकी करतोय. स्टँडवर तीन तास रडत बसला हुता."

पोरं हसली. आतला डीजे चालूच होता, तरी ते हसणं रणधीरला स्वच्छ ऐकू आलं. बसप्पाअण्णा काउंटरवरून बघत होते, तेही ओठातल्या ओठात हसले.

रणधीरला कुणावर हात उचलायची सवय नव्हती. त्यानं खाली वाकून डब्यातली चावी काढली आणि पोराच्या हातात ठेवली.

"जा," तो म्हणाला.

पोराचा तोल जात होता हे त्याला दिसत होतं. मित्रांपैकी एक जण "दादा, नको ना" असं म्हणाला, तेही त्यानं ऐकलं. गाडी सुरू झाली, हायवेला लागली. मागचा लाल दिवा एकदा डावीकडं गेला, एकदा उजवीकडं. रणधीर तिथंच उभा राहिला. पुढच्या दोन पोरांचं आधार कार्डसुद्धा त्यानं बघितलं नाही.

दहाएक मिनिटांनी एक टेम्पोवाला दाराशी थांबला. "पुढं वळणापाशी खडीवर पोरगं पडलंय. तुमच्याकडनंच आलेलं दिसतंय."

रणधीर शंभूला हाक मारून पळत सुटला. रिक्षा सुरू होऊन, वळून येईपर्यंत तो निम्म्याच्या पुढं गेला होता. कृष्णराज रस्त्याच्या कडेच्या दगडी ठोकळ्याला अडकून पडला होता. उजवा पाय गुडघ्याखाली पार चेचला गेला होता. रणधीरनं काळा शर्ट काढून मांडीला आवळून बांधला, पोराला उचललं आणि रिक्षात मांडीवर घेतलं. उमरग्यातल्या डॉक्टरांनी सोलापूरला न्यायला सांगितलं. मित्र कुठं पांगले ते कळलं नाही. ॲम्ब्युलन्समध्ये रणधीर एकटाच बसला, उघड्या अंगानं. सलाईनची बाटली धरून धरून त्याचा हात आखडला होता. पोरगं मधूनच "आई" म्हणत होतं.

पहाटे परंड्याहून आईवडील आले. आई शिवकन्या आल्या आल्या डॉक्टरांना भेटली. डॉक्टर म्हणाले, "ह्या माणसानं वेळेवर बांधलं आणि वेळेवर आणलं. पंधरा मिनिटं उशीर झाला असता तर मुलगा हाती लागला नसता." ती बाई वळली आणि रणधीरच्या पाया पडली. तो मागं सरकला, तर तिनं त्याचे पाय धरूनच ठेवले.

"लेकरा, तू माझं पोरगं आणलंस."

अजून शुद्धीवर न आलेल्या पोराच्या आईला त्या वेळी चावीचं सांगायचं तरी कसं, असं रणधीरनं मनाशी म्हटलं. नंतर सांगू. पाय कापावा लागला. नंतरही सांगणं झालं नाही.

बार महिनाभर बंद राहिला. चौकशी झाली आणि बार पुन्हा सुरू झाला. अण्णांनी निरोप पाठवला, पण रणधीर गेला नाही. तो कोल्ड्रिंकच्या एका एजन्सीत क्रेट चढवायच्या कामाला लागला. रात्री झोप लागेना. आई विचारायची, "काय हुतंय तुला?" तो म्हणायचा, "उकडतंय."

मे महिन्यात महारुद्र यांचा फोन आला. पोरगं घरी आलंय, सत्यनारायण ठेवलाय, तुम्ही यायचंच. रणधीरनं दोन दिवस विचार केला. आता सांगून मोकळं व्हायचं असं ठरवून तो सोलापूर, बार्शी करत एसटीनं परंड्याला पोचला.

घर किल्ल्याच्या बाजूच्या गल्लीत, पुढं गिरणी, मागं दोन खोल्या. शिवकन्याबाईंनी त्याला पाटावर बसवून कुंकू लावलं, टॉवेल-टोपी दिली. शेजारच्या बाया दारातून बघत होत्या. "ह्योच का त्यो?" "व्हय, ह्यानंच उचलून नेलं." पुरणपोळीवर तूप घालताना बाईंचा हात थांबेना.

कृष्णराज कुबड्या टेकत आला आणि समोर बसला. बारीक झाला होता.

"दादा, मला त्या रात्रीचं कायबी आठवत न्हाय. केक कापल्यापर्यंत आठवतंय. मी तुम्हाला काय वेडंवाकडं बोललो का?"

"न्हाय," रणधीर म्हणाला.

"खरंच?"

"काय न्हाय बोललास. जेव तू."

जेवणं झाल्यावर महारुद्र त्याला गिरणीत घेऊन गेले. गिरणी बंद होती. पट्ट्यावर, डब्यांवर पांढरी धूळ बसलेली. रणधीर उभ्या उभ्याच म्हणाला, "मामा, मला एक सांगायचं हाय. त्या रात्री चावी म्याच दिली. मला दिसत हुतं, त्याला गाडी धरवत न्हाय. तरी दिली. मला राग आला हुता."

महारुद्रांनी धान्याची एक पाटी उगाच इकडची तिकडं ठेवली.

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "त्याचा एक मित्र पंधरा दिवसांनी येऊन सगळं सांगून गेला. आमचं पोरगं काय बोललं, ते बी."

रणधीरला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "मग तुम्ही मला बोलावलं कशाला?"

"तिनं बोलवा म्हणली. तिला न्हाय माहीत." ती पाटी त्यांनी परत जागेवर ठेवली. "असं बघा, चावी तुम्ही दिली आणि पोरगं बी तुम्हीच आणलं. मी रोज रात्री ह्या दोन्ही गोष्टी धरून बसायचो. जगता येईना. म्हणून आता एकच धरलीय. पोराला कळलं की आपल्याच तोंडानं आपला पाय गेला, तर ते उठायचं न्हाय. आणि तिला वाटतंय की अशा वेळी आपल्याला एक देवमाणूस भेटला. वाटू द्या."

"मामा, पण मला…"

"तुमचं तुम्ही बघा." त्यांचा आवाज चढला नाही. "मी तुम्हाला शिव्या देणार न्हाय. पण माफ केलं असं बी माझ्या तोंडून निघत न्हाय. चहा घेऊन जावा. आणि रणधीर, पुन्हा येऊ नका. तुम्ही पाटावर बसला हुता, तवा मला बघवत नव्हतं."

आत चहा झाला. शिवकन्याबाईंनी डब्यात पोळ्या बांधून दिल्या, तुझ्या आईला दे म्हणाल्या. महारुद्र त्याला कुर्डूवाडीच्या गाडीपर्यंत सोडायला आले. बार्शीची गाडी निघून गेली होती. गाडी हलली तेव्हा महारुद्रांनी हात वर केला, तो निरोपाचा होता की आणखी कशाचा, हे रणधीरला समजलं नाही.

ह्या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. मूनवर शनिवारी अजून गर्दी असते. दारावर दुसरा माणूस आहे. रणधीर त्या रस्त्यानं एजन्सीच्या गाडीतून जातो, तेव्हा ड्रायव्हरशी काहीतरी बोलत राहतो.

शिवकन्याबाई मात्र सणावाराला फोन करतात. पाडव्याला केला होता. कृष्णराजला जयपूरचा पाय बसवला, तो गिरणीपर्यंत चालत गेला, कॉलेजला पुन्हा नाव घातलं, सगळं सांगून झालं. मग म्हणाल्या, "लेकरा, तू आमच्यावर रागावलायस का? एकदा बी फिरकला न्हायस. मी ह्यांना कवापासनं म्हणतेय, हे काय बोलतच न्हाईत."

"न्हाय मावशी, काम लई असतंय."

"मग येणार कधी?"

"येतो की," रणधीर म्हणाला.

गोडाऊनच्या दारात ट्रक लागला होता. त्यानं फोन खिशात ठेवला आणि पहिला क्रेट खांद्यावर घेतला. त्या दिवशी चारशे क्रेट उतरवायचे होते, आणि माणसं दोनच आली होती.