नाव पुकारल्याशिवाय सत्कार होत नाही

"जिची ओळख आपण पूर्णपणे गुप्त ठेवत आहोत, त्या शूर विद्यार्थिनीचे आजोबा," असे म्हणून निवेदकाने माझे नाव घेतले. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, गावासकट. सभागृहात टाळ्या झाल्या. मग लोक उठले आणि उभ्याने टाळ्या वाजवू लागले.

व्यासपीठाच्या डाव्या बाजूला समूहगीताच्या मुली तीन ओळींत उभ्या होत्या. मधल्या ओळीत, कडेपासून चौथी, माझी नात. आमच्या आडनावाची त्या शाळेत ती एकटीच. आडनाव ऐकताच तिच्या उजवीकडची मुलगी अर्धे पाऊल सरकली. मग डावीकडची. त्यांनी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. पोरीच त्या. पण ओळीत फट पडली, आणि त्या फटीत माझी नात सरळ समोर बघत उभी राहिली.

माझ्या अंगावर घोंगडी होती. घोंगडीवर त्यांनी शाल घातली. एका हातात नारळ दिला, दुसऱ्या हातात कागद.

पुढे काय झाले ते सोलापुरात हवे तसे सांगितले जाते. एका वर्तमानपत्राने छापले की आजोबांना अश्रू अनावर झाले. शाळेच्या मोठ्या बाई सांगतात, निवेदक नवखा होता, त्याच्याकडून चूक झाली, आणि आजोबांचा गैरसमज झाला. माझा मुलगा सांगतो, म्हाताऱ्याने शाल फेकली आणि घराची उरलीसुरली अब्रू घालवली. हे सगळे खोटे आहे. मी तिथे होतो. त्या कागदापासून मी दोन बोटांवर होतो. म्हणून मी लिहितो आहे.

माझे नाव इथे लिहिणार नाही. गावही नाही. का, ते वर आलेच आहे.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मी चाळीस वर्षे लूमवर काढली. चादरी विणल्या, टॉवेल विणले. शाळा सातवीपर्यंत, पण संघटनेची निवेदने मी लिहीत असे, आणि मालकाचा वकील त्यांतला एक शब्द बदलू शकला नव्हता. मी हे बढाई म्हणून सांगत नाही. अशा माणसाने त्या शाळेत जाऊन काय केले हे कळावे, म्हणून सांगतो.

गेल्या वर्षी नात आठवीत होती. शिष्यवृत्तीचे जादा तास घेणारा एक मास्तर होता. त्याने काय केले ते मी लिहिणार नाही. ते तिचे आहे. तिने ते आईला सांगितले, आईने आम्हाला. मुलगा, सून आणि मी, तिघे शाळेत गेलो. मोठ्या बाईंनी पाणी मागवले, दार लोटून घेतले आणि सगळे ऐकून घेतले. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तक्रार कराल तर मुलीचं नाव होईल. आत्ता हे फक्त या खोलीत आहे. तिचं नाव या खोलीबाहेर जाणार नाही, हा माझा शब्द."

मुलाने माझ्याकडे पाहिले. आमच्या घरात शेवटचा शब्द माझा असतो. मी म्हणालो, चला घरी.

शाळेला कळले त्याच दिवशी पोलिसांना कळवणे कायद्याने शाळेवर बंधनकारक होते, हे मला पुढे एका वकील बाईंनी सांगितले. मोठ्या बाईंना ते तेव्हाही ठाऊक असणार. मला नव्हते. मालकाशी भांडायचा कायदा मला पाठ होता. नातीच्या कामाचा एक शब्द येत नव्हता.

मास्तराने घरगुती कारणासाठी राजीनामा दिला. शाळेने त्याला निरोप समारंभ दिला. शाल, श्रीफळ, फोटो.

वर्ष गेले. नात त्याच शाळेत जात राहिली. अभ्यासात मागे पडली, पण गाणे तिने सोडले नाही. प्रार्थनेला पुढे उभी राहायची. एवढे एक राहिले होते, आणि ते राहावे म्हणूनच आम्ही गप्प होतो. पण अशी गोष्ट वर्षभर खोलीत राहत नाही. कोणत्या मुलीचे ते कळले नाही, तरी काहीतरी झाले आहे हे पालकांत पसरले. तेव्हा शाळेने संगीत संध्या ठरवली. अत्याचारातून सावरणाऱ्या मुलींच्या मदतीसाठी. तिकिटे लावून. येईल ते सगळे मुलींच्या एका वसतिगृहाला.

मोठ्या बाई स्वतः आमच्या घरी आल्या. गाडी गल्लीत शिरेना, म्हणून चालत आल्या. बाजेवर बसल्या, चहा घेतला. म्हणाल्या, "तुमचा फक्त पालक म्हणून सत्कार. मुलीचा उल्लेखसुद्धा होणार नाही." मी मान डोलावली. मग त्यांनी माझ्या पँट-शर्टाकडे पाहिले. "आजोबा, तुम्ही धनगर समाजाचे ना? घरात घोंगडी असेल की. ती घेऊन या. धोतर, फेटा. बघणाऱ्याला लगेच पोचतं."

मी आयुष्यात एक दिवस मेंढरे राखलेली नाहीत. मेंढरे माझ्या वडिलांनी विकली आणि ते सोलापूरला लूमवर आले. त्यांची घोंगडी ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली होती. धोतर माझ्याकडे नव्हतेच. ते मी शेजारून मागून आणले.

का गेलो, असे लोक विचारतात. मुलगा सांगतो, बाईंच्या दबावामुळे. तेही खरे नाही. मला जायचे होते. चाळीस वर्षांत मला कोणी व्यासपीठावर बोलावले नव्हते. निवेदने मी लिहायची आणि हार पुढाऱ्याने घ्यायचा. शाल कशी अंगावर पडते ते मला एकदा बघायचे होते. माझ्या गुन्ह्याचा हा भाग दुसऱ्या कोणाच्या माथी मारलेला मी चालू देणार नाही.

कार्यक्रम संध्याकाळी पाचला होता. एप्रिलचे ऊन, त्यात ती घोंगडी. पाहुण्यांना ऑफिसात बसवले, पंख्याखाली. मला व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर. दीड तास. समोर भिंतीवर शाळेच्या समारंभांचे फोटो लावलेले होते. त्यांत तो होता. निरोपाचा फोटो. मोठ्या बाई त्याच्या खांद्यावर तांबडी शाल घालत आहेत आणि तो वाकून नमस्कार करतो आहे. त्याचे तोंड बघवेना, म्हणून मी शाल बघत बसलो. विणणाऱ्याची नजर तिथेच जाते. किनारीला पिवळी रेघ होती, आणि तिच्या शेजारी, नको त्या जागी, आणखी एक बारीक पिवळी रेघ. ताणा, म्हणजे उभे धागे, भरताना कोणाचा तरी एक धागा चुकला होता. ताण्यातली चूक एका नगावर थांबत नाही. त्या ताण्यावर जेवढे नग निघतील तेवढ्यांत ती उतरते. मी मनात म्हणालो, मालकाने हा माल उतरत्या भावाने गठ्ठ्याने विकला असणार.

मग मला आत बोलावले. मग ते झाले, जे सुरुवातीला सांगितले.

निवेदकाची चूक झाली म्हणतात. त्या पोराचा यात काय दोष. त्याच्या हातातल्या कार्डावर टाइप केलेले होते आणि कार्ड शाळेने दिलेले होते. आपल्याकडे नाव पुकारल्याशिवाय सत्कार होत नाही. शाल, श्रीफळ आणि पूर्ण नाव. इतक्या शिकलेल्या माणसांनी बसून कार्यक्रम आखला, पोरीचे नाव कटाक्षाने गाळले आणि आज्याचे पूर्ण घातले. त्यांत एकालाही हे दिसले नाही. कारण त्यांच्या लेखी आम्ही दोघे एका घरातली माणसे नव्हतो. ती एक पीडित होती आणि मी एक घोंगडी.

शाल अंगावर पडली. मी किनार बघितली. दोन पिवळ्या रेघा. एक जागेवर, एक चुकलेली.

त्याच गठ्ठ्यातली.

हातातला कागद वाचला. मोठ्या अक्षरांत तीन ओळी होत्या. 'या कठीण काळात शाळा आमच्या कुटुंबामागे खंबीरपणे उभी राहिली. शाळेने आम्हाला न्याय दिला. मी शाळेचा ऋणी आहे.' निवेदकाने माईक माझ्या तोंडापुढे धरला.

मी म्हणालो, "हे मी वाचणार न्हाई."

एवढेच बोललो. माईक चालू होता, सगळ्यांनी ऐकले. मग मी शाल काढली. फेकली नाही. चाळीस वर्षे कापडावर जगलेला माणूस कापड फेकत नाही. मी तिची घडी केली, जशी आम्ही मालाची करतो, काठाला काठ लावून, किनार आत. ती खुर्चीवर ठेवली. तिच्यावर नारळ. नारळाखाली कागद. आणि पायऱ्या उतरलो. डोळ्यांत पाणी नव्हते. मागून निवेदक म्हणत होता, आजोबा भावुक झाले आहेत. वर्तमानपत्राने ते तसेच उचलले.

मला वाटले, मी जिंकलो. दारापर्यंत मला तसे वाटत होते. मग मागे पेटी वाजली आणि मुली गाऊ लागल्या. मी वळून बघितले. फट तशीच होती. नात ओठ हलवत होती.

तिने सगळी गाणी पुरी केली. बापाच्या गाडीवर बसून घरी आली. वेणीची रिबीन सोडली, बोटाला गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली. मुलगा माझ्यावर ओरडत होता, सून त्याला आवरत होती. मीच नातीला म्हणालो, बघितलंस ना, मी वाचलं न्हाई. मला वाटले, पोर मला बरे म्हणेल.

तिने रिबीन खाली ठेवली.

"आबा, माईक तुमच्या म्होरं व्हता. सगळे गप व्हते. त्याचं नाव का न्हाई घेतलं?"

मी बसलो.

"तुमचं घेतलं, म्हंजे माजंच घेतलं. त्याचं कुनीच न्हाई घेत."

अठ्ठावन्न साली जन्मलेला मी, मला हे कळायला चौदा वर्षांची पोर लागली. वर्षभर आम्ही एक नाव झाकत होतो आणि समजत होतो की नातीचे झाकतो आहोत. झाकलेले होते त्याचे. नातीचे तर त्यांना हवे तेव्हा माईकवरून घेता आले.

मी तिला विचारले, जायचं का चौकीत? ती म्हणाली, "जायचं. पर तुमी घोंगडं घालू नका."

दुसऱ्या दिवशी सून, नात आणि मी गेलो. मुलगा आला नाही. आम्हाला दुपारपर्यंत बसवले. मग एका महिला अधिकाऱ्याने नातीचे ऐकून घेतले, नीट, न टोकता. एवढे चांगले झाले ते सांगितले पाहिजे. त्यापलीकडे चांगले सांगण्यासारखे माझ्याकडे फारसे नाही.

नातीने शाळा सोडली. दुसऱ्या शाळेत नाव घातले; आठव्या दिवशी तिथेही कळले. ती गात नाही. घरात रेडिओ लागला तर उठून बंद करते. मुलगा माझ्याशी बोलत नाही. ताट पुढे सरकवतो. मास्तर जामिनावर आहे. मोहोळकडे शिकवण्या घेतो असे ऐकतो. लहान पोरापोरींच्याच असणार. मोठ्या बाई त्याच खुर्चीवर आहेत. वकील बाईंनी मला स्पष्ट सांगितले की वर्षे जातील, साक्षीदार फुटतील, आणि आपण हरूही शकतो. मी त्यांना म्हणालो, मला खोटा धीर देऊ नका. त्या म्हणाल्या, देत नाहीच आहे.

माझा जुना जोडीदार नरसय्या, शेजारच्या लूमवर तीस वर्षे होता. घरात तेलुगू, माझ्याशी त्याची मराठी. त्याने चारचौघांत मला म्हटले, "शाल घेतला, पोरगी दिला की रे तू." सगळे हसले. फिरणाऱ्या हकिकतींत खऱ्याच्या सर्वांत जवळ त्याची आहे. एकच दुरुस्ती. शाल मी घेतली नाही. पण घ्यायला गेलो होतो.

मला आशा नाही. वयाच्या या टप्प्यावर नसलेली वस्तू आहे म्हणून सांगायची मला गरज उरलेली नाही. नातीचे गाणे परत येईल असे मला कोणी सांगू नये. निकाल माझ्या हयातीत लागेल असेही नाही. पण माझी साक्ष आहे. नातीची साक्ष बंद खोलीत होईल, तिचे नाव पुकारले जाणार नाही. माझे पुकारतील. कोर्टाचा शिपाई दारात उभा राहून मोठ्याने पुकारेल, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, आणि व्हरांड्यात बसलेले सगळे वळून बघतील. वळू देत.

मी पँट-शर्टात जाईन. 'हजर' म्हणेन. आत उभा राहीन. तो समोर बसलेला असेल. मला पहिला प्रश्न काहीही विचारोत, माझ्या तोंडून पहिला शब्द त्याचे नाव निघेल. त्याच्या बापाच्या नावासकट. आडनावासकट. आणि त्याच्यामागोमाग त्या बाईंचे, ज्यांनी दार लोटून घेतले.

तारीख पुढे ढकलली तर पुढच्या तारखेला. तीही ढकलली तर तिच्या पुढच्या.