मावशींची फाईल लाल का झाली

आधीच सांगते, मी फिजिक्सवाली बाई आहे. अमावास्येला रस्त्यात टाकलेला नारळ ओलांडायलाही मला काही वाटत नाही. त्यामुळे हे लिहिताना थोडं अवघडायला होतंय... तरी लिहिते.

मी मीरा रोडला पेणकरपाड्यात राहते. कॅन्सरच्या पेशंटना प्रोटॉन किरण देतात अशा एका हॉस्पिटलमध्ये फिजिसिस्ट आहे. प्रोटॉनचा किरण शरीरात ठरवलेल्या खोलीपर्यंत जातो आणि तिथेच थांबतो. तीच त्याची खुबी. पण वाटेत पोकळी आली, की तो पुढे निसटतो.

आमच्याकडे तपासणीसाठी एक मशीन लर्निंगचं मॉडेल आहे. किरणांच्या मशीनने रोज किती किरण, कुठे, किती जोराने सोडले, त्याची फाईल ते वाचतं. सगळं ठीक असेल तर हिरवं, संशय आला तर लाल. लक्षात घ्या — त्याला पेशंट दिसत नाही. स्कॅन नाही, नाव नाही, फक्त मशीनचे आकडे.

एका शुक्रवारी फिलोमिना मावशींची फाईल लाल झाली. मावशी आमच्या पेशंट, उत्तनजवळच्या चौक गावच्या. नाकाच्या पोकळीत गाठ, डोळ्याच्या नसेला अगदी लागून. मी त्यांचा प्लॅन, म्हणजे किरण कुठे किती द्यायचे तो आराखडा, पुन्हा मशीनवर चालवून डिटेक्टरने मोजला. अगदी बरोबर. फाईल परत मॉडेलला दिली — लाल. बाकी सगळ्या पेशंटच्या हिरव्या.

आमचे सर म्हणाले, "अगं, मोजमाप बरोबर आलंय ना? मग झालं. मॉडेल कधीकधी उगाच ओरडतं."

त्यांचं चूक नव्हतं. मीही हेच म्हणाले असते.

शनिवारी घरी लॅपटॉपवर तीच फाईल परत चालवून बघितली. लालच. कपडे वाळत घालताना, भाजी निवडताना तेच डोक्यात. फोन केला तर मावशी उचलेनात. शेवटी रविवारी सकाळी भाईंदर स्टेशनहून बस पकडली आणि चौकला गेले. काय विचारायचं हेही ठरवलं नव्हतं.

मावशी अंगणात जाळं दुरुस्त करत बसल्या होत्या. मला बघून हसल्या.

"तू कशाला आलीस गो पोरी? मी बरी हाय आता. उद्या येनार न्हाय मी."

"का हो मावशी?"

"नाक मोकलं झालं ना! दोन महिने बंद व्हतं. गुरुवारी घान पानी आलं बादलीभर, तवापासनं वारा कसा सरसर जातोय. आता कशाला रोजची येवढी धावपल?"

प्लॅन बनवला तेव्हा ती पोकळी पाण्याने भरलेली होती. आता तिथे हवा होती. म्हणजे किरण पुढे, थेट नसेपर्यंत.

"मावशी, उद्या या. किरण द्यायला नाही, फक्त फोटो काढायला. माझ्यासाठी या."

त्यांनी हातातलं जाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "येवढ्या लांबून आलीस... बरं, येते."

सोमवारी किरण थांबवून नवा स्कॅन काढला. सरांनी तो बघितला आणि ते खुर्ची ओढून बसले. पोकळी पूर्ण रिकामी होती. जुन्याच प्लॅनवर उरलेले आठवडे गेले असते, तर मावशींच्या उजव्या डोळ्याची नजर गेली असती बहुतेक. नवा प्लॅन केला, ट्रीटमेंट पुरी झाली. मावशींना आज दोन्ही डोळ्यांनी सुईत दोरा ओवता येतो.

आता खरी गोष्ट. स्कॅन झाल्यावर त्याच दुपारी मी शुक्रवारची तीच फाईल परत मॉडेलला दिली. हिरवी. तीच फाईल, तेच मॉडेल, एका अक्षराचाही बदल नाही. सरांनी स्वतः चालवली — हिरवी. आणि जुन्या नोंदींत माझे तिन्ही लाल निकाल वेळेसकट जसेच्या तसे आहेत. सॉफ्टवेअरवाले दोनदा येऊन गेले. त्यांना काही सापडलं नाही.

योगायोग म्हणा. मीही लोकांना तेच सांगते. रिपोर्टमध्ये कारण लिहायचं होतं, तेव्हा मी लिहिलं — 'नाक मोकळे झाल्याचे पेशंटने सांगितले.' सरांनी ते वाचलं, पेन उघडलं आणि मला विचारलं, "पण तू मावशींकडे गेलीस कशाला, ते नाही लिहिलंस?"

मी सहीच्या जागेवर बोट ठेवलं. त्यांनी सही केली.