भात बंद केला ते तीन दिवस

डॉक्टर म्हणाले, "टाइप वन डायबिटीज आहे," आणि मी त्यांच्यावरच खेकसलो. "आठ वर्षांच्या पोरीला? आमच्या घराण्यात कोणाला शुगर नाही!" महिनाभर आमची जुई घटाघटा पाणी पीत होती, वाळत चालली होती, अंथरूण ओलं करत होती. आम्ही आपले रायपूरच्या उन्हाळ्याला दोष देत बसलो.

टाइप वन म्हणजे शरीर इन्सुलिन बनवणंच बंद करतं. मग ते सुईनं द्यावं लागतं, जन्मभर. भात, पोळी, साखर यांत कार्बोहायड्रेट असतं, त्याचीच रक्तात साखर होते. डॉक्टरांनी भात कमी करून एक वाटी ठरवून दिली आणि त्या मानानं इन्सुलिन. "मनानं काही बदलू नका," हेही बजावलं.

पण मी ऐकतो थोडाच! भातानं साखर वाढते ना, मग भातच नको, पोळीही नको. तांदळाची बोरी उचलून बहिणीकडे टाकून आलो. बायको, सुनंदा, म्हणाली, "अहो, डॉक्टरले एकदा इचारून तं पाहा." मी म्हटलं, "तुले काय समजते त्यातलं?" इन्सुलिन होतं तेवढंच चालू ठेवलं. साखर मोजायच्या मशीनवर आकडा खाली आला की मी खूश. जुई पनीर अन भाजी मुकाट्यानं खायची. एकदाच म्हणाली, "पापा, थोड़ा-सा भात?" मी डोळे वटारले.

चौथ्या दिवशी पंडरी बाजारातल्या माझ्या दुकानात गिऱ्हाइकाला कापड मोजून देत होतो, तेव्हा शाळेतून फोन आला. पोट्टी वर्गात झटके येऊन पडली होती. दवाखान्यात पोहोचलो तर हाताला सलाईन, ओठ पांढरेफटक.

"याला हायपो म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "रक्तातली साखर फार खाली जाणं. भात काढला आणि इन्सुलिन तेवढंच ठेवलंत, दुसरं काय होणार? कमी करायचं ते मोजून, आम्हाला विचारून." दिवसभर मीटरनं कापड मोजणारा माणूस मी, अन इथंच मोजायचं विसरलो.

तिच्या दप्तरात ग्लुकोजची पुडी होती, हात थरथरले की खायला दिलेली. ती तशीच बंद होती. जुई शुद्धीवर आल्यावर सुनंदानं विचारलं, "काहून नाही खाल्ली बेटा?"

"उसमें शक्कर है ना. पापा गुस्सा करते."

मी बाहेर जाऊन ढसाढसा रडलो.

तुमच्या लेकराला हे निघालं तर आपल्या रागाला औषध समजू नका, हात जोडून सांगतो.

आता वर्ष झालं. जुई बरी आहे, डॉक्टरांचे उपकार फिटायचे नाहीत. रोज मीच वाटीनं मोजून भात वाढतो. ती घास उचलते अन आधी माझ्या तोंडाकडे बघते. मी म्हणतो, "खा बेटा, तुझ्याच वाटचा आहे."

तरी विचारते, "पक्का, पापा?"